एनपीएसचे पैसे दुकानाच्या खर्चात दाखवता येतात का?

तुम्ही लिहिलंय की खानापूरला हार्डवेअरचं दुकान आहे, 2025-26 चा निव्वळ नफा 14 लाख, वर्षभरात एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) 2 लाख भरलेत आणि हिशेब लिहिणारे म्हणतात, खर्चात टाकू.

टाकू देऊ नका. मालकाची स्वतःची पेन्शन हा धंद्याचा खर्च होत नाही. आमच्या उद्यमबागेतल्या लेथच्या शेडचं रिटर्न भरताना एकदा असंच झालं होतं. नंतर सगळं दुरुस्त करून पुन्हा भरावं लागलं. नफा आधी पूर्ण दाखवायचा, मग कलम 80सीसीडीखाली वजावट मागायची, आणि तीही फक्त जुन्या करपद्धतीत मिळते. स्वतःचा धंदा असणाऱ्याला उत्पन्नाच्या 20 टक्क्यांपर्यंत, पण एलआयसी, पीपीएफ सगळं धरून दीड लाखाच्या आत. शिवाय वेगळे 50,000. एलआयसी, पीपीएफ वगैरे दुसरं काही नसेल तर तुमचे 2 लाख पूर्ण बसतात.

पण तेवढ्यासाठी जुन्या पद्धतीत जाऊ नका. उरलेल्या 12 लाखांवर जुन्यात सेससकट 1,79,400 कर होतो. नव्यात काहीही वजावट न घेता 14 लाखांवर 93,600. घरकर्जाचं 2 लाख व्याज जुन्यात वजा केलं तरी 1,17,000 भरावे लागतात. शिवाय धंदेवाल्याला जुन्यात जायला मुदतीत फॉर्म 10-आयईए भरावा लागतो. तिथून एकदा नव्यात परतलात की धंदा चालू असेपर्यंत पुन्हा जुनी पद्धत घेता येत नाही.

मग पैसे वाया गेले का? अजिबात नाही. माझे वडील वडगावात माग चालवायचे. नजर कमी झाली तशी कमाई थांबली, आणि महिन्याला हक्काने येणारा एक रुपया नव्हता. ते बघितलंय म्हणून मी वजावट मिळत नसतानाही दर महिन्याला भरतो. तुम्हीही खातं बंद करू नका.

आणि दुकानात कामाला असलेल्या पोराचं वय 18 ते 40 मध्ये असेल, तो आयकर भरत नसेल, तर त्याला बँकेत नेऊन अटल पेन्शन योजनेचं खातं काढून द्या. साठीनंतर ठरल्याप्रमाणे महिना 1,000 ते 5,000 मिळतात. हप्ता वयावर ठरतो, म्हणून लवकर न्या.