चिनी घरचे पाहुणे: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

चीनमध्ये नोकरी, शिक्षण किंवा व्यापारासाठी राहणाऱ्या मराठी मंडळींकडून आणि त्यांच्या इथल्या घरच्यांकडून तिथल्या रीतिरिवाजांबद्दल प्रश्न आले. त्यांतल्या सहांना ही उत्तरं. वाचताना एक ध्यानात ठेवावं: यांग्त्से नदीच्या उत्तरेचा आणि दक्षिणेचा चीन ताटापासून आहेरापर्यंत वेगळा आहे. ‘चीनमध्ये असं करतात’ असं कुणी सांगितलं, तर ‘कुठे?’ हे आधी विचारावं.

प्रश्न: मुलगा सुचौ शहरात नोकरी करतो. सहकाऱ्याने नववर्षाच्या आदल्या रात्री गावी जेवायला आणि मुक्कामाला बोलावलं आहे. काय न्यावं? तयारी काय लागेल? – पुणे

हे आमंत्रण मोठं आहे. वर्षभर शहरात राबणारी माणसं या एका रात्रीसाठी घरी पोचतात, आणि त्या टेबलावर परक्याला सहसा जागा नसते. तेव्हा जरूर जावं.

आधी तिकीट. २०२७चं चिनी नववर्ष ६ फेब्रुवारीला आहे, म्हणजे जेवण ५ तारखेच्या संध्याकाळी. रेल्वेचं आरक्षण १५ दिवस आधी उघडतं आणि या दिवसांतली तिकिटं हां हां म्हणता संपतात. रेल्वेच्या अ‍ॅपवर पासपोर्टने खातं उघडून त्याची पडताळणी आठवडाभर आधीच करून ठेवावी. ऐन वेळी पडताळणी अडकली की तिकीट गेलं. दुसरी गोष्ट पोलिसांत नोंद. हॉटेलऐवजी कुणाच्या घरी राहणाऱ्या परदेशी माणसाने पोचल्यापासून २४ तासांत स्थानिक पोलिसांकडे नोंद करायची, असा कायदा आहे. यजमानाला हे बहुधा ठाऊकच नसतं. मुलाने आधीच विषय काढावा, म्हणजे ऐन सणाच्या दिवशी धावपळ होणार नाही.

भेट म्हणून चांगला चहा, संत्र्यांची पेटी किंवा भारतातून नेलेले भाजलेले काजू उत्तम. ताजी फळं आणि दुधाचे पदार्थ विमानाने नेऊ नयेत, कस्टमवर काढून घेतात. घड्याळ, छत्री आणि नाशपती टाळावी. त्यांचे उच्चार मरण आणि ताटातूट यांच्या शब्दांशी जुळतात. वस्तू जोडीने द्यावी, चारच्या संख्येत नको. दोन्ही हातांनी द्यावी. यजमान ‘कशाला आणलंत’ म्हणत दोनतीनदा नको म्हणतील. तो नकार खरा धरून पिशवी परत उचलू नये. घेतल्यावर ते ती आपल्यासमोर उघडणारही नाहीत, त्यात नाराजी नसते.

लाल पाकीट, म्हणजे होंगबाओ, लग्न झालेल्यांनी लहानांना आणि अविवाहितांना द्यायचं असतं. मुलगा अविवाहित असेल तर त्याच्यावर बंधन नाही, पण घरात लहान मुलं असतील तर पाहुण्याने दिलेलं शोभतं. नोटा कोऱ्या, रक्कम सम, चारचा आकडा वर्ज्य, नाणी नकोत. सुचौकडे मुलामागे २०० युआन ठीक. दक्षिणेतल्या क्वांगतुंग प्रांतात मात्र पाच, दहा, वीस युआनची पाकिटं सर्रास चालतात. तिथे दोनशे दिले तर समोरचा संकोचतो. पांढरं पाकीट चुकूनही नको, ते दुःखाच्या घरी नेतात. मुलालाच कुणी पाकीट दिलं तर दोन्ही हातांनी घेऊन खिशात ठेवावं, तिथे उघडू नये.

संध्याकाळी पाचपर्यंत पोचावं. दारात चपला काढायच्या, घरातल्या सपाता देतात. सुचौकडच्या ताटात अंड्याच्या पातळ पोळीत सारण भरून घडी घातलेले सोनेरी तुकडे असतात, सोन्याच्या लगडीचं रूप म्हणून. आत बहुधा डुकराचा खिमा असतो. अख्खा मासा येतो आणि तो मुद्दाम थोडा उरवतात. दुसऱ्या दिवशी घरात झाडू फिरवत नाहीत, तेव्हा मदत म्हणून केर काढायला घेऊ नये.

प्रश्न: मुलगी तिकडे एमबीबीएस करते. प्राध्यापकांनी हॉटेलात जेवायला बोलावलं आहे. टेबलावर कसं वागावं? – नांदेड

दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची. ती मोकळी दिसली म्हणून बसू नये, यजमान दाखवतील तिथे बसावं. वडीलधाऱ्यांनी पहिला घास घेतल्यावर सुरुवात करावी. टेबलावर पदार्थ ठेवलेली फिरती चकती हळू फिरवायची, कुणी वाढून घेत असेल तर हात लावायचा नाही. वाढायच्या काड्या (चॉपस्टिक्स) वेगळ्या ठेवल्या असतील तर त्यांनीच घ्यावं. ताटलीत खालीवर करून हवा तो तुकडा शोधणं असभ्य समजतात. भाताचा वाडगा हातात उचलून खाणं हीच तिथली रीत आहे. काड्या भातात उभ्या खोचणं मात्र टाळावंच, कारण मृतांपुढे उदबत्त्या तशा लावतात.

बायजिउ ही ज्वारीची दारू अनेकदा ५२-५३ टक्के मद्यार्काची असते. घ्यायची नसेल तर पहिला पेला भरण्याआधी सांगावं आणि चहाचा पेला उचलावा. चहाने साथ देणं तिथे पूर्ण मान्य आहे. एकदा घोट घेऊन मग नको म्हटलं तर आग्रह थांबत नाही. पेला भिडवताना आपली कड थोरांच्या पेल्याच्या कडेपेक्षा खाली ठेवावी. एवढ्या एका गोष्टीने प्राध्यापकांना मुलीचं वळण कळतं.

ताट रिकामं दिसलं की पुन्हा वाढलं जातं, म्हणून पोट भरल्यावर थोडं ठेवावं. उरलेलं बांधून नेण्यात आता कमीपणा नाही. अन्न वाया घालवण्याविरुद्ध २०२१मध्ये तिथे कायदाही झाला. बिल यजमानच देणार. आपण एकदा म्हणावं, हट्ट धरू नये, आणि पुढच्या वेळी आपण बोलवावं.

प्रश्न: आम्ही शाकाहारी. ‘मांस नको’ सांगूनही भाजीत खिमा आला. – सांगली

‘मांस नको’ याचा अर्थ बऱ्याच स्वयंपाकघरांत ‘मांसाचे तुकडे नकोत’ एवढाच घेतात. परतलेल्या फरसबीत आणि मापो टोफूत चवीपुरता खिमा असतो, हिरवी पालेभाजी डुकराच्या चरबीत परतलेली असू शकते, सूपात कोंबडीची पावडर आणि वरून ऑयस्टर (शिंपल्यांचा) सॉस. या चार गोष्टी नावं घेऊन नाकाराव्यात आणि फोनवर चिनीत लिहून दाखवाव्यात. त्याहून सोपं म्हणजे ‘बौद्ध शाकाहार’ हवा म्हणून सांगावं. त्यात कांदा-लसूणही येत नाही. जैनांनी मात्र बटाटा आणि इतर कंदांचं वेगळं सांगायला हवं. मोठ्या मठांना जोडून शाकाहारी भोजनालयं असतात; शांघायचं कुंगतलिन १९२२पासून चालू आहे. तिथे ‘बदक’ किंवा ‘मासा’ नावाने येणारे पदार्थ सोयाबीनचे असतात.

प्रश्न: नववर्षासाठी घरी च्याओझ, म्हणजे पारीत सारण भरून उकळलेले चिनी डंपलिंग, केले. मैदा गरम पाण्यात भिजवला, कोबीचं सारण भरलं. उकळत्या पाण्यात टाकताच निम्मे फुटले. – नागपूर

गरम पाणी हीच पहिली चूक. गरम पाण्याने पारी मऊ होते पण तिची ताण सोसायची ताकद जाते. ती वाफवायला किंवा तव्यावर करायला चांगली. पाण्यात उकळायचे असतील तर पीठ गार पाण्यातच भिजवावं. ३०० ग्रॅम मैद्याला १५० मिली पाणी आणि चिमूटभर मीठ. गोळा आधी खडबडीत आणि घट्ट वाटेल, तरी पाणी वाढवू नये. अर्धा तास ओल्या फडक्याखाली ठेवून पुन्हा मळला की गुळगुळीत होतो.

दुसरी चूक कोबीच्या पाण्याची. ३०० ग्रॅम बारीक चिरलेल्या कोबीला चमचाभर मीठ चोळून १५ मिनिटांनी फडक्यात घट्ट पिळावं. चायनीज कोबीला साध्या कोबीपेक्षा बरंच जास्त पाणी सुटतं. मग त्यात १५० ग्रॅम कुस्करून परतलेला टोफू, भिजवून चिरलेले सहा सुके शिताके मश्रूम, ४० ग्रॅम भिजवून बारीक केलेल्या काचशेवया (पारदर्शक ग्लास नूडल्स) आणि किसलेलं आलं घालावं. दोन चमचे तिळाचं तेल आधी चोळावं, सोया सॉस सगळ्यात शेवटी. तेलाचा थर आधी बसला की नंतरच्या खारटपणाने भाजी कमी पाझरते.

गोळ्या ११-१२ ग्रॅमच्या, साधारण ४० होतात. डाव्या हाताने पारी फिरवत उजव्या हाताने लाटणं फक्त कडेपासून मध्यापर्यंत न्यायचं, म्हणजे मध्य जाड आणि कड पातळ राहते. सगळीकडे सारखी लाटली तर तळ फाटतो आणि जोड कच्चा राहतो. मध्ये १२ ग्रॅम सारण, करंजीसारखं मिटून आतली हवा बोटांनी बाहेर काढत कड दाबावी. कडेला तेल लागलं तर ती चिकटतच नाही; पारी सुकली असेल तर पाण्याचं बोट फिरवावं. भरलेले च्याओझ पीठ भुरभुरलेल्या ताटात सुटे ठेवून लगेच उकळावेत. तासभर तसेच राहिले की तळ ओलावतो, ताटाला चिकटतो आणि उचलतानाच फाटतो.

मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, एका वेळी वीसच. टाकल्याबरोबर पळीच्या पाठीने तळाशी हलकं सरकवावं. पाणी उसळून वर आलं की वाटीभर गार पाणी घालायचं. मांसाच्या सारणाला हे तीनदा करतात, भाजीच्याला दोनदा पुरे. त्यामुळे पाणी खळखळून पारी झोडपत नाही आणि सारणाला शिजायला वेळ मिळतो. फुगून तरंगले की झाले. वर काळा व्हिनेगर हवाच. उत्तरेत त्यासोबत बाराव्या चिनी महिन्याच्या अष्टमीला व्हिनेगरमध्ये मुरत घातलेला लसूण देतात. तो हिरवागार होतो, खराब झाला समजून टाकू नये.

प्रश्न: २०२५मध्ये चिनी चंद्रोत्सव आणि आपली कोजागिरी ६ ऑक्टोबरला एकत्र आली. दरवर्षी येते का? – रत्नागिरी

नाही. चंद्रोत्सव त्यांच्या आठव्या महिन्याच्या पौर्णिमेला असतो. बहुतेक वर्षी तो भाद्रपद पौर्णिमेला, म्हणजे अनंत चतुर्दशीच्या आगेमागे येतो: २०२४मध्ये १७ सप्टेंबरला, २०२६मध्ये २५ सप्टेंबरला. दोन्ही पंचांगं चांद्रसौर आहेत आणि अधिक मासाचा नियमही जवळपास एकच: ज्या चांद्रमासात सूर्याचं ठरलेलं संक्रमण (आपली संक्रांत) होत नाही तो जादा. फरक संक्रमण मोजण्यात आहे. आपण नक्षत्रांवरून, निरयन मोजतो. चिनी लोक संपात (दिवस-रात्र समान होतात तो बिंदू) आणि अयनबिंदूंवरून (सूर्य उत्तरेकडे वा दक्षिणेकडे वळतो ते बिंदू), सायन. ही दोन मापं आज सुमारे २४ अंशांनी दूर आहेत, म्हणून त्यांचा जादा महिना आपल्याशी जुळेलच असं नाही. २०२५मध्ये त्यांचा सहावा महिना दोनदा आला आणि आठव्याची पौर्णिमा सरकून थेट आपल्या आश्विनात पडली. २०२६मध्ये आपला अधिक ज्येष्ठ आला, त्यांच्याकडे जादा महिना नव्हता, आणि दोन सणांत पुन्हा महिन्याचं अंतर पडलं.

आणखी एक बारकावा: ज्या दिवशी चंद्र-सूर्याची युती होते तोच त्यांचा महिन्याचा पहिला दिवस. आपली शुद्ध प्रतिपदा बहुधा त्याच्या दुसऱ्या दिवशी असते. त्यामुळे २०२५चं चिनी नववर्ष २९ जानेवारीला, आपल्या पौष अमावास्येला होतं.

प्रश्न: डॉ. कोटणीसांच्या समाधीला फुलं वाहायची आहेत. कधी जावं, काय न्यावं? – सोलापूर

सोलापूरच्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांची समाधी हपै प्रांतातल्या शिच्याचुआंग शहरात, हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत आहे. १९३८मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ला, अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारले. आजही तिथली माणसं त्यांच्या समाधीशी थांबून माथा झुकवतात, आणि आपल्याकडून कुणी गेलं तर त्यांना मनापासून आनंद होतो.

पितरांचं स्मरण करण्याचा छिंगमिंग हा दिवस सौर गणनेवर असल्याने ४ किंवा ५ एप्रिलच्या आसपासच येतो. २०२७मध्ये तो ५ एप्रिलला आहे. २००८पासून त्या दिवशी सरकारी सुट्टी असते. घरगुती थडग्यांवर त्या दिवशी तण उपटतात, कोरलेल्या अक्षरांवर रंग फिरवतात, फळं आणि जेवण ठेवतात, कागदी नोटा जाळतात. शहरातल्या स्मशानभूमींत मात्र जाळ करायला बहुतेक ठिकाणी बंदी असते, म्हणून उदबत्ती-कापूर न्यायचा असेल तर आधी विचारावं. पांढरी किंवा पिवळी शेवंती न्यावी, दोन्ही हातांनी ठेवावी, एक पाऊल मागे येऊन कमरेतून तीनदा वाकावं. हीच शेवंती कुणाच्या घरी भेट म्हणून नेऊ नये.

बीजिंगहून वेगवान गाडीने सव्वा ते दीड तास लागतो. त्या सुट्टीत गाड्या भरलेल्या असतात, तेव्हा सकाळी जाऊन संध्याकाळी परतायचं असेल तर दोन्ही बाजूंची तिकिटं एकदमच काढावीत आणि मूळ पासपोर्ट जवळ ठेवावा. फाटकावर झेरॉक्स चालत नाही.