नवीन विमानवाहू नौका बांधण्यापेक्षा वापरलेली घेऊन तिचे सुटे भाग बदलत राहणं स्वस्त पडत नाही का?

नाही पडत. हेच वाक्य आमच्या दाजींच्या तोंडून वर्षानुवर्षं ऐकलंय, फक्त तिथं नौकेच्या जागी ग्राइंडिंग मशीन होतं, म्हणून राहवलं नाही आणि लिहायलो.

वाळूजला आमचं छोटं वर्कशॉप आहे, दाजींसोबत भागीदारीत. एका बंद पडलेल्या कारखान्याच्या लिलावात त्यांनी इंग्लंडचं जुनं ग्राइंडर उचललं. मशीन वजनदार, बेड एकदम शाबूत. मी म्हणलं, दाजी, याचं ड्रॉइंग कुठंय? तर म्हणे मशीन समोर उभंय की, ड्रॉइंग घेऊन काय करायचंय. पुढं स्पिंडलचा बुश, म्हणजे शाफ्ट ज्याच्यात फिरतो ती नळी, गेला आणि कंपनीनं ते मॉडेल कधीच बंद केलेलं. दाजी म्हणले, जुना बुश मोजा आन् तसाच काढा. अहो पण झिजलेला बुश मोजला तर झीजच मोजली जाते! बोअर, म्हणजे आतलं भोक, एका अंगानं लंबगोल झालेला, मूळ माप किती, तेलासाठी फट किती सोडलेली, हे काय त्याच्यावर लिहिलेलं असतंय का? शेवटी बुशच्या तोंडाशी, जिथं शाफ्ट घासतच नव्हता, तिथं एक बारीक कड शाबूत सापडली, तिथं गेज लावलं आणि मूळ माप हाती आलं. मग नटांचा घोळ. आटे व्हिटवर्थचे, म्हणजे जुन्या ब्रिटिश मापाचे, 55 अंशाचे, आणि आपल्याकडचे मेट्रिक 60 अंशाचे, बाजारातला नट थोडा चढतो आणि तिथंच जाम होतो. टूल घासून आटे घरीच पाडले, मशीन चाललं, पण तोवर ज्याच्या ऑर्डरसाठी ते घेतलं होतं तो माणूस दुसरीकडं गेला होता.

आता हेच जहाजाला लावा. आपली पहिली विक्रांत म्हणजे ब्रिटनची हर्क्युलस, 1943 ला बांधायला घेतलेली, अर्धवट पडून होती ती आपण 1957 ला घेतली, 1961 ला नेव्हीत आली. 1971 च्या युद्धात तिच्या चारपैकी एक बॉयलर तडा गेल्यानं बंद होता, वेग कमी, तरी तिच्यावरच्या विमानांनी 4 डिसेंबरपासून कॉक्स बाजार आणि चितगाव झोडपलं. लोक विमानांचं कौतुक करतात ते बरोबरच आहे, पण खाली बॉयलर रूममध्ये जी माणसं होती त्यांना माझा पहिला सलाम. दुसरी विराट, ती बी ब्रिटनचीच जुनी, तिचं काम 1944 ला सुरू झालेलं, ती आपल्याकडं आली 1987 ला, आणि निघाली 2017 ला. रशियाकडून घेतलेल्या जुन्या विक्रमादित्यचा 2004 चा करार 97.4 कोटी डॉलरचा होता, तो जाऊन टेकला 235 कोटी डॉलरवर, वर 2012 च्या चाचणीत बॉयलरच्या आतल्या विटांनीच दगा दिला आणि जहाज ताब्यात यायला 2013 चा नोव्हेंबर उजाडला. वापरलेल्या मालाचा भाव उघडून बघितल्यावरच कळतो.

याच्या उलट नवी विक्रांत. तिचं पोलाद बाहेरून मिळेना तेव्हा हैदराबादच्या संरक्षण धातू प्रयोगशाळेनं आणि सेल या सरकारी पोलाद कंपनीनं मिळून डीएमआर 249 नावाचं पोलाद इथंच तयार केलं, विमानं जिथून उडतात त्या फ्लाइट डेकसाठी त्याचाच वेगळा प्रकार. 262 मीटरचं जहाज, कोचीनला बांधलं, 2022 च्या सप्टेंबरात दाखल झालं. उद्या एखादी प्लेट बदलायची झाली तर कोणाच्या दारात जायची गरज नाही. मला तरी याच्यापेक्षा मोठी कमाई दिसत नाही.

आता हे बी सांगतो, निस्ते आकडे शेजारी ठेवले तर विक्रमादित्य आजही स्वस्तच दिसते, नव्या विक्रांतला वीस हजार कोटींच्या आसपास गेलेत. आणि नवीत बी सगळं आपलं नाही, 76 टक्के म्हणतात, गॅस टर्बाइन अमेरिकन डिझाइनच्या, विमानं मिग रशियाची, आणि 2025 ला ठरलेली 26 राफेल फ्रान्सची. मिगचे पंख दुमडतात, राफेलचे दुमडत नाहीत, म्हणजे लिफ्टवर आणि हँगरमध्ये, म्हणजे डेकखाली विमानं ठेवतात तिथं, जागेचा हिशेब परत मांडावा लागणार. विमानाच्या स्पेअरसाठी परदेशाकडं बघणं सुटलेलं नाहीच.

पण म्हणून परत जुनंच घ्या असं होत नाही, आणि हे दाजींना कोणी समजावेल तर बरं. परवाच एक जुना लेथ बघून आलेत, म्हणायलेत लई स्वस्तात मिळायलाय. ड्रॉइंग आणि पार्ट लिस्ट हातात पडल्याशिवाय त्या चेकवर माझी सही होणार नाही, हे इथं सगळ्यांसमोर लिहून ठेवायलो.