शाळेतल्या दात तपासणी शिबिरांचा खरंच काही उपयोग होतो का? आणि मुलांचे दात पहिल्यापेक्षा जास्त किडून राहिलेत का?

दुसरा प्रश्न आधी घेते, त्यात माझं फारसं काही दुखत नाही. २००२-०३ मध्ये देशभर दातांची पाहणी झाली होती, त्यात ५ वर्षांच्या पोरांपैकी ५१.९ टक्के, १२ वर्षांच्यांत ५३.८ आणि १५ वर्षांच्यांत ६३.१ टक्के पोरांचे दात किडलेले निघाले. म्हणजे वीस वर्षांआधीच अर्धा वर्ग किडका होता, आता अजून वाढलं की तेवढंच आहे यावर भांडून काय मिळणार. माझ्या वर्गात ४१ पोट्टे आहेत, कविता म्हणताना आ वासला की मला टॉर्च लागत नाही.

आता शिबिराचं. मी दक्षिण नागपुरात एका अनुदानित शाळेत शिकवते, नाव नाही सांगत. माझी मुलगी पण तिथेच. ती दुसरीत असताना ऑगस्टमध्ये दातांचं शिबिर आलं. तीन तरुण डॉक्टर, व्हरांड्यात दोन प्लास्टिकच्या खुर्च्या, पोरगं बसलं की आ कर, एक जण छोट्या आरशानं बघून भराभरा नंबर बोलणार, दुसरा कार्डावर लिहिणार, पुढचा. खिचडी वाटायच्या आत दोनशेच्या वर पोरं उरकली. मी रांग सांभाळत होते. शेवटी प्रत्येकाला एक ब्रश, एक बोटाएवढी पेस्ट, बॅनर धरून फोटो, चहा-बिस्किट, नमस्कार.

कार्डं माझ्याकडे वाटायला आली. माझ्या पोरीच्या कार्डावर ४६ लिहिलेलं. दुसऱ्या एका पोट्ट्याच्या कार्डावर ८५, एकाच्या ७५. आता पोरांच्या तोंडात ८५ दात तर नसतात, रोल नंबरही जुळत नव्हते. आमचे क्लर्क भाऊ म्हणाले, मॅडम, स्वच्छतेचे मार्क दिले असतील. हसू नका, मला पटलं ते. ८५ वाल्याला मी सगळ्यांसमोर शाबासकी दिली आणि माझ्या पोरीला घरी आल्यावर ४६ वरून रागावले, की मास्तरणीची पोरगी असून निम्मे पण मार्क नाही. कार्ड माझ्या पर्समध्ये राहिलं, साडीच्या फॉल-पिकोच्या चिठ्ठीसोबत.

दिवाळीत चकली खाताना ती म्हणाली आई, इकडून चावलं की दुखते. बघितलं तर मागच्या दाढेवर काळा खड्डा. मी म्हटलं डॉक्टरकडे नेते, तर आमचे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, बैठकीतूनच बोलले, "दुधाचा दात आहे तो, पडेल, नवीन येईल, काहून पैसे घालून राहिली?" भासऱ्यांपुढे मी जास्त बोलत नाही, आमच्याकडे तशी पद्धत आहे, आणि खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. पोरगी सात वर्षांची, त्या वर्षी तिचे पुढचे दात पडूनच राहिले होते. लवंग लावली, ते पण भासऱ्यांच्याच सल्ल्यानं.

दीड वर्षानं एका रात्री तिचा गाल सुजला, ताप चढला. सकाळीच मेडिकलला शासकीय दंत महाविद्यालयात नेलं. तिथं पेडोमध्ये, म्हणजे लहान मुलांच्या दातांच्या विभागात, एक डॉक्टर मुलगी होती, माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची असेल. मी सुरुवातच केली की दुधाचा दात आहे. तिनं माझ्या पोरीला आ करायला लावलं, माझं बोट धरलं आणि खालच्या दोन दातांच्या मधोमध ठेवून म्हणाली, इथून मागे मोजा. एक, दोन, तीन, चार, पाच. दुधाचे इथेच संपले, एका बाजूला पाचच असतात, वर-खाली मिळून वीस. मग माझं बोट पुढच्या दाढेवर टेकवलं. हा सहावा. हा कायमचा.

ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास सगळ्यात मागून येते, तिच्या जागी आधी दुधाचा दात नसतोच, त्यामुळे काही पडत नाही, आणि घरात कोणाला पत्ताच लागत नाही की कायमची दाढ आली. मला तर नव्हताच. एक्स-रे मध्ये दाढेचं वरचं डोकं जवळपास संपलेलं, मुळाची टोकं अजून बंद व्हायची होती. डॉक्टर म्हणाली, वाचवायला आता वर काही उरलंच नाही, काढायची असेल तर हेच वय बरं, हिच्या मागची, बाराव्या वर्षी येणारी दाढ अजून हाडात आहे, ती पुढे सरकून जागा भरेल. पोरगी तेव्हा पावणेनऊची. दाढ काढली. तिला ती दाढ पाहिजे होती, तर कापसात गुंडाळून डबीत दिली, अजून तिच्या कंपासमध्ये आहे.

निघताना मी उगाच विचारलं, मॅडम, ४६ म्हणजे काय असते? ती म्हणाली, दाताचा नंबर, हीच की, खालची उजवी कायमची पहिली दाढ. आणि ८५? खालची उजवीच, पण दुधाची. मी बाहेर येऊन बाकावर बसले आणि रिक्षावाला आवाज देत होता ते ऐकू आलं नाही. म्हणजे दीड वर्ष माझ्या पर्समध्ये लिहिलेलं होतं की कोणती दाढ. किडायला तेव्हा सुरुवातच असेल, एक फिलिंग लागलं असतं.

तर शिबिराचा उपयोग? मोजणी चांगली होते. दात वाचत नाही. कार्डावर मराठीत "मागची पक्की दाढ किडली आहे, या महिन्यात दाखवा" एवढं लिहायला किती शाई लागते? आणि पुढच्या महिन्यात कोणी विचारलं का की किती पोरं जाऊन आली? आमच्या शाळेत तरी नाही. सरकारचा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्यात सरकारी आणि अनुदानित शाळांची वर्षातून एकदा तपासणी असते, दात पण त्या यादीत आहेत. तपासणीपाशी गाडी अडतच नाही, कार्ड घरी गेल्यावर अडते.

स्कॉटलंडचं मी रागात रात्री बसून वाचलं. तिथं लहान पोरांकडून बालवाडीतच रोज समोर उभं राहून फ्लोराइडच्या पेस्टनं ब्रश करून घेतात, घरोघरी पाठपुरावा पण असतो. पहिलीतल्या किडके दात नसलेल्या पोरांचं प्रमाण २००३ मध्ये ४५ टक्के होतं, २०१८ मध्ये ७१. मी हे आमच्या सरांना सांगितलं तर म्हणाले मॅडम, आपल्याकडे नळ दोन. खरंय, नळ दोनच आहेत. म्हणून माझा वर्ग खिचडीनंतर ब्रश करून निंबाच्या आळ्यात थुंकतो. निंबाला काही झालं नाही अजून.

तुमची पोरं सहाच्या वर असतील तर आज रात्री मोबाइलचा टॉर्च लावा आणि मधून सहा मोजा. त्या दाढेच्या खाचा सीलंटनं, म्हणजे एका पातळ लेपानं, बुजवून मिळतात, किडायच्या आधी. पेस्टच्या डब्यावर फ्लोराइड आणि १००० पीपीएमच्या आसपास आकडा आहे का बघा, आयुर्वेदिक म्हणून विकतात त्यातल्या पुष्कळांत फ्लोराइड नसते. वाटाण्याएवढी पेस्ट पुरे, तीनच्या खालच्याला तांदळाच्या दाण्याएवढी. आणि क्रीमचं बिस्किट एकदाच काय ते खाऊ द्या, दिवसभर चघळत राहणं जास्त वाईट.

हां, चंद्रपूर-यवतमाळकडे बोअरच्या पाण्यातच फ्लोराइड जास्त असलेली गावं आहेत, तिकडच्यांनी माझं ऐकून काही करू नका, डॉक्टरला विचारा. आणि शिबिरात आलेल्या त्या तिघांवर माझा राग नाही, मिनिटभरात दाढ तर त्यांनीच बरोबर पकडली होती.

भासरे अजूनही लग्नाकार्यात सांगतात की आम्ही राखेनं दात घासले, आमचं काय बिघडलं. खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी, तोंडात ठेवूनच सांगतात. ते हे वाचणार नाहीत, पण जाऊबाई वाचतात. जाऊबाई, तुमच्या नातवाला सहावं लागलंय, येत्या रविवारी मी येते टॉर्च घेऊन.