अनुदान-परीक्षणाची नोकरी आणि परदेश: नाशिकच्या एका ताईंना उत्तर

ताई, तुमचा प्रश्न असा आहे: वनस्पतिरोगशास्त्रात पीएच.डी., पुण्यात पोस्टडॉक, आता नाशिकला परत. मिस्टर अंबडच्या कारखान्यात, मुलगी सातवीत. प्रयोगशाळेचा कंटाळा आलाय, पण विज्ञान सोडवत नाही. संशोधनाला पैसे देणाऱ्या परदेशी संस्थांमध्ये अर्जांचं परीक्षण चालवायचं काम मिळेल का, आणि मिळालं तर यावं का?

व्हिसाचे फॉर्म आणि फीचे तक्ते सरकारी संकेतस्थळांवर आहेत, ते पुन्हा लिहीत नाही. मी परदेशात हेच काम करतो, त्यामुळे जे त्या पानांवर लिहिलेलं नसतं तेवढं सांगतो. तुमचा प्रश्न वाचून माझ्याही मनातलं बरंच वर आलंय, त्यामुळे उत्तर लांबेल.

या कामात तुम्ही विज्ञानाचा निवाडा करत नाही. निवाडा इतर शास्त्रज्ञ करतात. तो निष्पक्ष, नीट आणि वेळेत होईल हे तुम्ही बघता. पंगतीत वाढणाऱ्याला पदार्थांची पारख लागतेच, पण त्याने जेवायला बसायचं नसतं. ज्यांना मत दिल्याशिवाय राहवत नाही त्यांचे या नोकरीत हाल होतात.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते तुमच्याच विषयावरून सांगतो. समजा द्राक्षावरच्या डाऊनीचा अर्ज आला. आधी पात्रता, पानांची मर्यादा, जोडपत्रं तपासायची. मग परीक्षक शोधायचे. शोधयंत्रात ‘बुरशी’ टाकलं की बुरशीच्या जनुकशास्त्रातली मोठी नावं येतात, आणि इथेच नवखा अधिकारी फसतो. डाऊनी घडवणारा प्लाझ्मोपारा व्हिटिकोला ही खरी बुरशी नाही, ऊमायसीट आहे. त्याच्या पेशीभित्तिकेत ग्लुकॅन आणि सेल्युलोज असतं, खऱ्या बुरशीतलं कायटिन जवळजवळ नसतं. भुरीवर, म्हणजे खऱ्या बुरशीच्या रोगावर, आयुष्य घालवलेल्या माणसाकडे हा अर्ज गेला, तर तो मन लावून परीक्षण लिहील आणि ते चुकीच्या मुद्द्यांवर असेल. अर्जदाराची दोन वर्षांची तयारी त्या एका नेमणुकीत वाया जाते. हे ओळखायला पीएच.डी. लागते, म्हणून या जागा शास्त्रज्ञांना देतात.

तीन परीक्षणं हवी असतील तर आठ-दहा जणांना विचारायची तयारी ठेवा. कोणी उत्तरच देत नाही, कोणी होकार देऊन शेवटच्या आठवड्यात गायब होतो. त्यात हितसंबंध तपासायचे. एकाच संस्थेतले, गुरू-शिष्य, अलीकडचे सहलेखक बाद. अमेरिकेच्या एनआयएचमध्ये (आरोग्य-संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था) सहकार्य आणि सहलेखनासाठी मागची ३ वर्षं बघतात, एनएसएफमध्ये (मूलभूत विज्ञानाला पैसे देणारी सरकारी संस्था) ४८ महिने. नियम सोपा वाटतो, पण शंभर लेखकांच्या जिनोम-पेपरमधले दोघे एकमेकांना ओळखतही नसतात आणि छोट्या विषयात मात्र सगळेच एकमेकांचे सहलेखक. तिथे नियमाचं कारण समजून निर्णय घ्यायचा आणि तो का घेतला हे त्याच दिवशी फाइलमध्ये लिहून ठेवायचं. सहा महिन्यांनी तक्रार आली की तेवढा कागदच कामाला येतो.

बैठकीची रीत संस्थेगणिक वेगळी. एनआयएचमध्ये अर्ज बहुधा तिघांकडे जातो, गुण १ ते ९, १ सर्वांत चांगला. आधीच्या गुणांवरून मागे पडलेल्या बऱ्याच अर्जांवर चर्चाच होत नाही. उरलेल्यांवर सगळी समिती गुण देते आणि सरासरीला दहाने गुणून १० ते ९० मधला आकडा निघतो. जानेवारी २०२५ पासून तिथे पाच निकषांची तीन घटकांत मांडणी केली आहे, आणि संशोधकाची पात्रता व साधनं या घटकाला गुण देत नाहीत, पुरेशी आहेत का एवढंच बघतात. मोठ्या संस्थेच्या नावाने गुण फुगू नयेत हा त्यामागचा हेतू. हा बदल मला मनापासून पटतो. स्वीडनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या फेलोशिपांवरचा अभ्यास १९९७ मध्ये ‘नेचर’मध्ये आला होता: पुरुषाइतकेच गुण मिळवायला स्त्रीला सुमारे अडीचपट काम दाखवावं लागत होतं. या क्षेत्रात येणाऱ्याने तो आधी वाचावा.

एनआयएचमध्ये परीक्षण चालवणारा आणि अनुदानाची शिफारस करणारा अधिकारी मुद्दाम वेगळे ठेवलेले असतात. एनएसएफमध्ये मात्र प्रोग्रॅम ऑफिसर परीक्षणही चालवतो आणि शिफारसही स्वतःच करतो. तुम्हाला यातलं कुठलं काम आवडेल याचा विचार आत्ताच करा, कारण मुलाखतीत ‘मला चांगलं विज्ञान निवडायचंय’ असं पहिल्या प्रकारच्या जागेसाठी म्हणालात तर तिथेच गाडी अडते.

बैठकीत काय बिघडतं? पहिला बोलणारा जो सूर लावतो त्याच्याभोवती बाकीचे फिरतात. जेवणाच्या सुट्टीआधीचा अर्ज घाईत उरकतो. सकाळी कडक असलेली समिती दुपारी सैल होते. तुम्हाला अर्जाबद्दल चकार शब्द काढता येत नाही, पण अध्यक्षांना चिठ्ठी देता येते: ‘दुसऱ्या परीक्षकाचं मत अजून ऐकलेलं नाही.’ किंवा ‘ही टीका अर्जावर आहे की अर्जदारावर?’ या कामातलं सगळं कौशल्य त्या चिठ्ठ्यांमध्ये आहे असं मी मानतो. त्यानंतर अर्जदाराला जाणारा सारांश. तो दोन दिवसांत लिहून काढावा, नाहीतर चर्चा डोक्यातून निसटते. गुण वाईट आणि सारांशात नुसती स्तुती, ही सर्वांत जास्त दिसणारी चूक, आणि तिचा त्रास नकार मिळालेल्याला होतो. काय दुरुस्त करायचं तेच त्याला कळत नाही.

आता देशांचं. अमेरिकेतल्या सरकारी जागांना बहुतेक वेळा नागरिकत्व लागतं. शिवाय २०२५ मध्ये एनआयएचने सगळं परीक्षण एका केंद्राखाली आणायचं ठरवलं, त्यामुळे आत असलेल्यांचंच बस्तान हललेलं आहे. तुमच्यासाठी तो रस्ता आज नाही. ब्रसेल्सच्या युरोपीय संशोधन परिषदेच्या सायंटिफिक ऑफिसरच्या जागा साधारणपणे युरोपीय संघाच्या नागरिकांना. बॉनच्या डीएफजीत (जर्मनीची संशोधन-अनुदान संस्था) जर्मन भाषा हवी, आणि तीही पत्रव्यवहार करता येईल इतकी. कॅनडात २०२१ च्या कायदाबदलानंतर संघीय भरतीत पर्मनंट रेसिडेंटना (कायम वास्तव्याची परवानगी, म्हणजे पीआर, असलेल्यांना) नागरिकांइतकंच प्राधान्य आहे. पण म्हणजे आधी पीआर, मग नोकरी, आणि ओटावात फ्रेंच येत असेल तर फार फरक पडतो. आयर्लंडमध्ये १ ऑगस्ट २०२४ रोजी दोन जुन्या संस्था मिळून रिसर्च आयर्लंड झाली, तिच्या जाहिरातींवर नजर ठेवा. स्ट्रासबुर्गचं ह्यूमन फ्रंटियर सायन्स प्रोग्रॅम आणि हायडेलबर्गचं एम्बो या जीवशास्त्राच्या संशोधनाला पैसे देणाऱ्या संस्थांकडे जागा थोड्या, पण भारत पहिल्याचा सदस्य आहे आणि दुसऱ्यामागच्या परिषदेचा सहयोगी सदस्य, म्हणून तुमचा अर्ज तिथे परका वाटणार नाही.

ब्रिटनमध्ये यूकेआरआय या सरकारी अनुदानसंस्थेशिवाय वैद्यकीय धर्मादाय संस्था पुष्कळ आहेत, आणि तिथे काम खरोखर शिकायला मिळतं. अडचण पगाराची. स्किल्ड वर्कर व्हिसासाठी किमान पगाराची सर्वसाधारण मर्यादा २२ जुलै २०२५ पासून ४१,७०० पौंड आहे, आणि या क्षेत्रातल्या सुरुवातीच्या कित्येक जागा त्याखाली असतात. कामाशी संबंधित विज्ञान विषयातली पीएच.डी. असेल तर मर्यादा ३३,४०० पर्यंत उतरते. छोट्या संस्थांच्या एचआरला ही सवलत बहुधा माहीत नसते. जाहिरातीत ‘स्पॉन्सरशिप नाही’ (म्हणजे व्हिसासाठी प्रायोजक होणार नाही) असं दिसलं तरी एक सभ्य ईमेल करून हा मुद्दा दाखवून द्या. त्यासाठी आपल्या पीएच.डी.ची एक्टिस या परदेशी पदव्या तपासणाऱ्या ब्रिटिश संस्थेकडून पडताळणी करून घ्यावी लागते. नोकरी हातात यायची वाट न बघता ती आधीच उरका.

पदांच्या नावांवर जाऊ नका. अमेरिकेत ‘ग्रँट्स मॅनेजमेंट’ म्हणजे हिशेबाची बाजू. विद्यापीठातलं ‘प्री-अवॉर्ड’ म्हणजे अर्ज करणाऱ्यांना मदत, टेबलाची दुसरी बाजू. शिरकावासाठी ती वाईट नाही, विद्यापीठं व्हिसासाठी प्रायोजकही होतात.

नाशिकमध्ये बसून तयारी होते, आणि ती पुण्या-मुंबईला न जाता होते. एथिक्स कमिटी, म्हणजे माणसांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती, बघा. २०१९ च्या औषध चाचणी नियमांनुसार अशा समितीत किमान ७ सदस्य, त्यातले निम्मे संस्थेबाहेरचे लागतात, आणि सचिवाला कार्यसूची, हितसंबंध, इतिवृत्त सगळं सांभाळावं लागतं. अनुदान-परीक्षणाच्या इतकं जवळचं दुसरं काम नाही. आडगावच्या बाजूला आणि शहरात वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, विचारून बघा. युरोपीय आयोगाच्या तज्ज्ञ-यादीत कुठल्याही देशाचा माणूस परीक्षक म्हणून नाव नोंदवू शकतो. हैदराबादच्या इंडिया अलायन्स या अनुदान देणाऱ्या संस्थेच्या जागा निघतात, त्या परदेशी जाहिरातींइतक्याच गांभीर्याने घ्या.

सराव असा करा. एनआयएचचं मंजूर प्रकल्पांचं रिपोर्टर हे संकेतस्थळ सगळ्यांना खुलं आहे. त्यातले आपल्या विषयाच्या जवळचे पाच सारांश घ्या. प्रत्येकाला आठ परीक्षक शोधा, मागच्या तीन वर्षांतले सहलेखक पबमेड या शोधनिबंधांच्या खुल्या सूचीवर तपासून बाद करा, उरलेल्यांची नेमणूक एका तक्त्यात कारणासह मांडा. मुलाखतीत बहुधा याच धाटणीची चाचणी असते, किंवा तीन परस्परविरोधी परीक्षणं देऊन दोनशे शब्दांत सारांश लिहायला सांगतात. आणि परीक्षणाचा मजकूर एआयच्या खिडकीत चिकटवायची सवय लावून घेऊ नका. एनआयएचने २०२३ मध्येच परीक्षकांना ते बंद केलंय, गोपनीयता मोडते म्हणून.

कागदपत्रांत नाशिककरांची खास अडचण म्हणजे विद्यापीठाचं नाव. २०१४ आधीच्या पदवीवर पुणे विद्यापीठ, नंतरच्या कागदावर सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ. परदेशी कारकुनाला ती दोन विद्यापीठं वाटतात. विद्यापीठाकडून दोन्ही एकच असल्याचं पत्र आधीच घेऊन ठेवा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, लग्नानंतर मधलं नाव बदललेलं. यासाठी एकच प्रतिज्ञापत्र, तिन्ही रूपं लिहून. महापालिकेच्या जन्मदाखल्यावर मुलीचं नाव घातलेलं आहे का बघा, अनेकांच्या दाखल्यात ती जागा कोरीच असते. ब्रिटनच्या कामाच्या व्हिसाला पदवीवर अपोस्टिल (परदेशासाठीचा सरकारी प्रमाणन-शिक्का) लागत नाही. ‘लागतंच’ म्हणून पैसे घेणारे एजंट मात्र भरपूर भेटतील.

आता मुलीचं. इंग्लंडमध्ये वर्ग वयावरून ठरतो, १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट हे वर्ष धरून. पत्ता असल्याशिवाय शाळा मिळणं कठीण, आणि वर्षाच्या मध्ये गेलात तर जिथे जागा असेल तिथे. हेही एकवेळ चालेल. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे. घरी इंग्रजी बोलत नाहीत म्हणून मुलावर ‘इंग्रजी अतिरिक्त भाषा’ असा शिक्का बसतो, तो शिक्का बघून गणितातही खालच्या गटात टाकतात, गणित कितीही पुढे असलं तरी. खालचा गट पुढे जीसीएसईच्या (आपल्या दहावीसारखी परीक्षा) ‘फाउंडेशन’ स्तराकडे जातो आणि त्या स्तरावर मुलाने सगळा पेपर बरोबर सोडवला तरी ५ च्या वर श्रेणी मिळत नाही. ९ पर्यंतची वाट फक्त ‘हायर’ स्तरावर. पाचावर ए-लेव्हलचं (आपल्या अकरावी-बारावीसारखं) गणित बहुतेक ठिकाणी देत नाहीत. आमच्या घरात हे घडलंय आणि अजून बोचतं. दिवसभर दुसऱ्यांच्या परीक्षणात पूर्वग्रह शिरू नये म्हणून मी झटतो, आणि पोटच्या पोराच्या बाबतीत तोच पूर्वग्रह एका कोष्टकात बसून गेला. तुम्ही पहिल्याच महिन्यात गणिताच्या शिक्षकांना लेखी विचारा: कुठल्या गटात, कशावरून, पुन्हा चाचणी कधी. इयर टेन सुरू झाल्यावर मुलीला आणू नका, जीसीएसईचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम अर्ध्यात पकडावा लागतो. आणि अठराव्या वर्षापर्यंत कायम वास्तव्य मिळालं नसेल तर विद्यापीठाची फी बहुधा परदेशी दराने भरावी लागते, तो हिशेब आज करा.

एकटेपणा येतो. माणसं भेटतात, महाराष्ट्र मंडळं आहेत, तो जातो. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही.

जास्त लिहिण्यासारखं आहे ते नावाबद्दल. या नोकरीत तुमचं नाव कुठल्याच पेपरवर येत नाही. नवं औषध निघालं, नवं वाण आलं, त्या अर्जाला योग्य परीक्षक तुम्ही दिलेत म्हणून तो तरला, हे कोणाला सांगताही येत नाही, घरीसुद्धा नाही. परदेशात राहून ते दुप्पट जाणवतं, कारण हे काम आपल्याकडे कितीतरी जास्त हवंय. भारतात संशोधनाला अनुदान देणाऱ्या अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा २०२३ मध्ये झाला, तिथे नव्याने घडी बसतेय, आणि डाऊनी म्हणजे काय हे बांधावर बघितलेला माणूस त्या टेबलाशी असावा असं मला फार वाटतं. मी परतलो नाही. का, याचं उत्तर मला देता येत नाही, आणि म्हणूनच ‘या’ किंवा ‘येऊ नका’ असं तुम्हाला सांगायचा अधिकार माझ्याकडे नाही.

मुलीची जन्मतारीख कळवा, कुठल्या इयरमध्ये बसेल ते सांगतो. यायचं ठरलं, तर त्यावरून किती वेळ हातात आहे ते कळेल.