खांडसहून भीमाशंकर: पावसाळ्यात पाच जणांना घेऊन निघण्यापूर्वी

चि.,
अनेक आशीर्वाद.

ऑगस्टमध्ये नवख्या मंडळींना घेऊन कर्जतजवळच्या खांडस गावावरून भीमाशंकर चढायचं ठरवलंयस, तर आधी शिडी घाटाची वाट डोक्यातून काढ. तिथल्या शिड्या अवघड नाहीत, अवघड आहे ते शिड्यांच्या मधला ओला कातळ. खोबणींतून पाणी वाहत असतं, रविवारी मागे रांग लागलेली असते आणि मधेच एखाद्याचे पाय लटपटले की वर जाता येत नाही, खाली उतरता येत नाही. दुसरी वाट, गणेश घाटाची, लांबची, पण त्यात असा अडकण्याचा प्रसंग नाही.

सकाळी साडेसहाला खांडस सोडा. थांबत थांबत पाच-सहा तास धर. दोन्ही वाटा पदरवाडीच्या सपाटीवर एकत्र येतात. बारापर्यंत तिथे पोचला नाहीत तर चहा प्या आणि मागे फिरा. ही वेळ खांडसलाच सगळ्यांसमोर ठरव. वर गेल्यावर "आता थोडंच राहिलंय" म्हणणारा एक तरी निघतोच. वरच्या टप्प्यातलं रान दाट आहे, ढग उतरले की सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी अंधारून येतं. वर पोचलात तर परत पायी उतरू नका, दमल्या पायांनी ओला घाट उतरताना घोटे मुरगळतात. वरून एसटीने पुण्याकडे या.

वाट चुकण्याचं मुख्य कारण ढोरवाटा. त्या मूळ वाटेपेक्षा ठळक असतात आणि झाडीत जाऊन विरतात. दहा मिनिटांत बाण, पाऊलखुणा, गोळ्या-बिस्किटाचा कागद (दुर्दैवाने हीही खूणच) काही दिसलं नाही, तर शेवटच्या खात्रीच्या खुणेपर्यंत परत या. ओढ्याच्या कडेकडेने खाली उतरायचा मोह मात्र कटाक्षाने टाळ. सह्याद्री लाव्ह्याच्या आडव्या थरांचा बनलाय, त्यामुळे उतार पायऱ्यांसारखा आहे: थोडी सपाटी, मग सरळ कडा. ओढा तो कडा धबधबा होऊन उतरतो, आपल्याला तसं उतरता येत नाही. ओल्या दगडांवरून जिथवर घसरत आलात, तिथून वर चढणंही होत नाही.

ओढा ओलांडताना पाणी गुडघ्याच्या वर असेल तर थांबा. पात्र रुंद असतं तिथे पाणी उथळ असतं; अरुंद जागा सोपी दिसते, पण ओढ तिथेच जास्त. खालच्या अंगाला धबधबा असेल तर ती जागा सोडा. सॅकचा कमरेचा पट्टा सोडून ठेवा, पडलात तर सॅक झटकन टाकता आली पाहिजे. पाणी एकदम गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून येऊ लागला, तर वर जोराचा पाऊस झालाय असं समजून लगेच काठावर चढा. हे ओढे छोटे, चढतात तसे उतरतातही. तासाभराचा धीर बहुधा पुरतो.

माणशी दोन-तीन लिटर पाणी, टॉर्च (मोबाइलचा नव्हे), कोरडे कपडे प्लास्टिकच्या पिशवीत, शिट्टी. साप चावला तर कापणं, चोखणं, करकचून बांधणं यातलं काही नको. अंगठ्या-घड्याळ काढ, तो अवयव काठीला बांधून हलू देऊ नकोस, माणसाला उचलून न्या आणि १०८ला फोन लावा. हिरवा चापडा हा विषारी साप फांदीवर असतो, पानांत मिसळून. आधाराला फांदी धरण्याआधी बघ.

हे अभयारण्य आहे. चूल नाही, स्पीकर नाही, शेकरूला बिस्किटं नाहीत. शौचाला पाण्यापासून साठ पावलं तरी लांब जा आणि वीतभर खड्डा करून बुजवा. रात्री चमकणारी बुरशी बघायला लोक ओल्या रानात घुसतात, लाकडं उपटून घरी नेतात, जिथे ती चमकत नाही. तुमच्यापैकी कोणाचा तसा बेत असेल तर आधीच मोडून काढ.

शुक्रवारी रात्री हवामान खात्याचा रायगड आणि पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा बघ. नारंगी किंवा लाल असेल तर पाचही जणांना तेव्हाच रद्द झाल्याचं कळव. पहाटे कर्जत स्टेशनवर कोणाला माघारी पाठवणं फार जड जातं.

तुझा,
काका