बटण दाबल्यावर येणार कोण?

‘वडील गेल्यापासून आई गावी एकटीच असते. रात्री-बेरात्री पडली तर आम्हाला कळणार कसे, आणि त्यासाठी कोणते यंत्र घ्यावे?’ हा प्रश्न माझ्याकडे आता वरचेवर येतो, कारण मुले नोकरीनिमित्त पुण्यात आणि आईवडील गावाकडच्या घरात, ही मराठवाड्यात घरोघरची गोष्ट झाली आहे. त्यांपैकी एका कुटुंबाची हकिकत, ओळख पटेल असे तपशील बदलून, येथे देत आहे.

लातूर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, 75 वर्षे ओलांडलेल्या मावशींचा मुलगा माझ्याकडे आला, तेव्हा त्याने गळ्यात घालायचे आपत्कालीन बटण आईला आधीच आणून दिले होते आणि आईने ते देवघराशेजारच्या खुंटीला टांगून ठेवले होते. ‘ती हट्टी आहे, तुम्ही समजावून सांगा,’ एवढीच त्याची अपेक्षा होती. मावशींचे म्हणणे निराळे होते. बटणाची दोरी तुळशीच्या माळेत गुंतत असे आणि मंदिरात बायका ते पाहून चौकशी करत. ‘मला काय धाड भरलीय? हे घातलं की सगळं गाव तब्येत विचारतंय,’ असे त्या म्हणाल्या आणि जरा थांबून पुढे बोलल्या, ‘बटण दाबलं की फोन पुण्याला जातो. तो तिथून काय करणार? नुसता घाबरणार.’

हा दुसरा आक्षेप मला फार महत्त्वाचा वाटला. पडलेला वृद्ध माणूस तासाहून अधिक काळ जमिनीवर राहिला, तर हाड मोडलेले नसले तरी शरीरातील पाणी कमी होणे, अंगाखालच्या भागाला जखमा होणे, दबलेल्या स्नायूंची झीज होऊन मूत्रपिंडांवर ताण येणे असे धोके वाढतात. म्हणून बटण दाबल्यावर ज्यांना फोन जातो त्यांच्या यादीत काही मिनिटांत पोहोचू शकणारा माणूसच पहिला हवा. शेजारच्या घरातील सून आणि समोरचा किराणा दुकानदार यांना विचारून त्यांचे क्रमांक आधी घातले, मुलाचा तिसरा. 108 ची रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. परंतु फोनवर पत्ता, खूण आणि रुग्णाची स्थिती सांगणारे कोणीतरी लागते आणि ते काम शेजारीच नीट करू शकतो.

मग कडीचा प्रश्न निघाला. एकट्या राहणाऱ्या बहुतेक बायकांप्रमाणे मावशी रात्री आतून कडी आणि वर अडसर लावून झोपत, त्यामुळे त्यांनी बटण दाबल्यावर शेजारीण धावत आली तरी दारातच उभी राहिली असती. किल्लीने बाहेरूनही उघडता येईल असे कुलूप बसवून एक किल्ली तिच्याकडे ठेवावी, हे मावशींना पटायला यंत्रापेक्षा जास्त वेळ लागला. चोरीची भीती खरी होती. मुलाने ती हसण्यावारी नेली, हे मला रुचले नाही.

यंत्राचा विचार त्यानंतर झाला. घर दगडी, भिंती जाड आणि न्हाणी अंगणाच्या टोकाला. बटणाचा संदेश घरातल्या पेटीपर्यंत जातो आणि पेटी सिमकार्डावरून फोन लावते, तेव्हा दोन्ही ठिकाणी संपर्क तुटू शकतो. न्हाणीचे दार लावून आतून बटण दाबून पाहिले, तेव्हा पेटी माजघरातून ओसरीवर आणावी लागली आणि त्या गावात ज्या कंपनीचे नेटवर्क चांगले मिळते तिचे सिम घालावे लागले. वीज गेल्यावर पेटी बॅटरीवर किती तास चालते, बटण पाण्यात चालते का आणि दरमहा शुल्क आहे का, हे विक्रेत्याला विचारून घ्यावे.

पडल्याचे आपोआप ओळखणाऱ्या घड्याळाचा मुलाला फार मोह होता. अशी घड्याळे हालचालीतील अचानक बदल आणि आदळण्याचा धक्का यांवरून अंदाज करतात. भिंतीला टेकून हळूहळू खाली घसरलेल्या माणसाचे पडणे त्यांच्याकडून निसटू शकते आणि जोरात हात आपटला तरी ती कधी कधी इशारा देतात. शिवाय त्यांपैकी अनेकांना रोज किंवा दिवसाआड चार्जिंग लागते. मावशींनी मनगटाला बांधायचे साधे बटण पसंत केले. रात्री उठताना चक्कर येते, ही गोष्ट याच बोलण्यात निघाली. रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल डॉक्टरांना विचारण्यास मी सांगितले, कारण त्याचा इलाज बटणात नाही.

दर एकादशीला बटण दाबून शेजारणीशी बोलायचे, म्हणजे चाचणी होते आणि विसरही पडत नाही, ही युक्ती मावशींचीच. मंदिरात जाताना मात्र त्या ते आजही काढून ठेवतात. तिथे चार माणसे असतातच, असे त्यांचे म्हणणे आहे आणि मुलाने त्यावर वाद घालणे सोडले आहे.