किराणा दुकानात माल कधी आणि किती मागवायचा, हे शिकायला सुरुवात कुठून करू?

एकाच वस्तूपासून करा. साबुदाणा घ्या. रोजचा खप ४ किलो आणि ऑर्डर दिल्यावर माल यायला ३ दिवस लागत असतील, तर १२ किलो तेवढ्यातच संपतो. त्यावर ६ किलो राखीव धरा. म्हणजे साठा १८ किलोवर आला की लगेच ऑर्डर द्यायची. रोजचा खप मात्र वहीत लिहाच, अंदाजाने सांगू नका.

मागणीचा अंदाज बांधताना गेल्या वर्षीची तारीख नको, तिथी बघा. आषाढी एकादशी २०२५ मध्ये ६ जुलैला होती, २०२६ मध्ये २५ जुलैला. तारखेवर विसंबलात तर साबुदाणा जवळजवळ तीन आठवडे आधीच भरून ठेवाल, आणि पावसाळी हवेत त्याला ओल धरते. एकादशीच्या दिवसाचा खप रोजच्या सरासरीतही मिसळू नका.